संशोधनासाठी छायाचित्रण : खानदेशातील नवोदित छायाचित्रकारांसाठी काही व्यावहारिक विचार

छायाचित्र काढणे आज इतके सुलभ झाले आहे की, पदव्युत्तर प्रबंधांतील छायाचित्रांची संख्या पूर्वीच्या मानाने अनेक पटींनी वाढली आहे. त्यांची उपयुक्तता मात्र त्या प्रमाणात वाढली आहे असे म्हणता येत नाही. मंदिराचे चित्र असते, पण ते कोणत्या बाजूचे हे कळत नाही. शिलालेखाचे चित्र असते, पण त्यातील अक्षर लागत नाही. जुन्या कागदाचा अर्धा भाग फ्लॅशच्या झळाळीत नाहीसा झालेला असतो. या दोषांचे खापर सामान्यतः साधनावर फोडले जाते आणि अधिक किमतीचा कॅमेरा मिळाला असता तर काम साधले असते, अशी समजूत करून घेतली जाते. वस्तुतः यांपैकी बहुतेक दोष बटण दाबण्यापूर्वीचे असतात. प्रकाश कोठून येतो आणि कोठून यावयास हवा, याचा विचारच झालेला नसतो. हा विचार कसा करावा, हे खानदेशातील काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे येथे मांडावयाचे आहे.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव या एकाच तालुक्यात छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यासाठी दोन उत्तम पाठशाळा आहेत. चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे. गौताळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटण येथे शके ११२८ चा प्रसिद्ध शिलालेख आहे. पहिल्या ठिकाणी एका कलावंताने प्रकाश आपल्या इच्छेप्रमाणे वाकविला. दुसऱ्या ठिकाणी अभ्यासकाला प्रकाशाची वाट पाहावी लागते. दोन्ही ठिकाणी शिकावयाचे ते एकच आहे, पण त्याचा उपयोग मात्र भिन्न रीतीने करावयाचा आहे.

केकी मूस हे पारशी गृहस्थ. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्याचा फार मोठा काळ चाळीसगावच्या त्या घरातच काढला आणि घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले. त्यांच्या एकांतवासाविषयी पंजाब मेलची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती हृदयस्पर्शी असली, तरी विद्यार्थ्याला त्या कथेपेक्षा ते घर अधिक शिकवू शकेल. ते आज कलादालन म्हणून जतन केलेले आहे. मूस यांची कीर्ती मुख्यतः टेबल-टॉप छायाचित्रणामुळे झाली. या शाखेत टेबलावर लहानसहान वस्तू मांडून असे दृश्य सिद्ध करावयाचे असते की, पाहणाऱ्याला ते विस्तीर्ण निसर्गाचे वाटावे. काटकीचा वृक्ष होतो आणि मिठाच्या थराचे हिम होते. हा भ्रम निर्माण होतो तो वस्तूंमुळे फारसा नव्हे. मिठाचा थर समोरून उजळला तर तो मिठाचा थरच दिसतो. तोच कडेने, अगदी तिरप्या प्रकाशात उजळला की प्रत्येक कणाला सावली मिळते आणि पृष्ठभाग उंचसखल भासू लागतो. टेबल-टॉप छायाचित्रणाचे सारे रहस्य सावलीच्या लांबीत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून नवोदिताला एक अभ्यासक्रमच आखून घेता येतो आणि त्यासाठी एक टेबल, एक खिडकी व एक पांढरा पुठ्ठा एवढी सामग्री पुरते. खिडकीजवळ टेबल ठेवून त्यावर एखादी खडबडीत वस्तू ठेवावी. खानदेशात कापसाचे सुकलेले बोंड, जात्याचा तुकडा किंवा पितळी गडवा घरोघर मिळतो. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून दिवसभर दर तासाला त्याच वस्तूचे एक चित्र घ्यावे. नंतर खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करून तोच क्रम पुन्हा करावा. पुठ्ठ्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने सावल्या किती उघडतात आणि वस्तूचा घाट किती हरवतो, हे या चित्रांची तुलना केल्यावर स्पष्ट होते. आठ दिवसांच्या अशा सरावाने जे ध्यानात येते, ते हजार स्थळांना धावती भेट देऊन येत नाही. दूरचा प्रवास केल्याशिवाय छायाचित्रकार होता येत नाही, या समजुतीला मूस यांचे घर हे पुरेसे उत्तर आहे.

परंतु येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. मूस यांनी जे केले ते कला म्हणून केले आणि त्यातील भ्रम हाच त्या कलेचा हेतू होता. संशोधकाच्या छायाचित्रास ही मुभा नाही. ते साक्षीदाराच्या स्थानी असते. मूर्तीपुढील फुले किंचित हलविणे, शेंदराचा थर खरवडणे, चित्रातील विजेची तार नंतर पुसून टाकणे, यांतील एकही गोष्ट निरुपद्रवी नाही. टेबलावर शिकलेली प्रकाशाची जाण क्षेत्रात न्यावी. मांडणीचे स्वातंत्र्य मात्र टेबलावरच ठेवून जावे.

आता पाटणच्या शिलालेखाकडे वळता येईल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्या मठास दान दिले, अशी माहिती देणारा हा लेख बहुतांशी संस्कृतात असून त्याचा शेवटचा भाग मराठी आहे. म्हणूनच गणिताच्या इतिहासाइतकेच मराठी भाषेच्या इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे. तो विद्वानांच्या नजरेस आणून देणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे कीलहॉर्न यांनी हा लेख एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात संपादून प्रसिद्ध केला.

अशा कोरीव लेखाचे छायाचित्र घेताना प्रकाशाची दिशा म्हणजे केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. तो पाठाचा प्रश्न होतो. नागरी लिपीत शिरोरेषा आडवी आणि काना उभा असतो. प्रकाश डावीकडून किंवा उजवीकडून, भिंतीला घासून आला तर उभ्या रेघांच्या खोबणीत सावली भरते आणि काने ठळक दिसतात. शिरोरेषा मात्र प्रकाशाच्या दिशेला समांतर असल्यामुळे पुसट होते. प्रकाश वरून आला तर याच्या उलट घडते. शिरोरेषा उठून दिसतात आणि काने विरतात. त्या काळच्या नागरीत एकाराची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या आधी उभ्या रेघेने, म्हणजे पडिमात्रेने दाखवीत असत. वरून प्रकाश पडलेल्या चित्रात ही पडिमात्रा नाहीशी झाली, तर ‘ते’ चा ‘त’ होतो. आडव्या प्रकाशात ती दिसली, पण शिरोरेषा न दिसल्यामुळे अक्षराची मर्यादा कळली नाही, तर तीच रेघ मागील अक्षराचा काना म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. विभक्ती आणि क्रियापदाची रूपे ज्या एका रेघेवर अवलंबून असतात, ती अशा रीतीने छायाचित्रकाराच्या हाती असते.

यावर उपाय असा की, कोणत्याही शिलालेखाचे एकच चित्र घेऊन समाधान मानू नये. कॅमेरा न हलविता किमान चार चित्रे घ्यावीत. एकात प्रकाश डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून, तिसऱ्यात वरून आणि चौथ्यात वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपा असावा. प्रकाशाचा दगडाच्या पृष्ठभागाशी होणारा कोन १० ते २० अंशांचा ठेवावा. अक्षरे झिजलेली असतील तितका तो कमी करावा. खालून प्रकाश टाकणे टाळावे, कारण प्रकाश वरून येतो असे डोळा गृहीत धरतो आणि खालून उजळलेली खोदीव अक्षरे उठावाची भासू लागतात. सूर्यप्रकाश अनुकूल नसल्यास साधा आरसा किंवा चंदेरी कागद चिकटविलेला पुठ्ठा घेऊन सहकाऱ्याने ऊन वळवून द्यावे. देवळाच्या अंधाऱ्या मंडपातही बाहेरचे ऊन दोन आरशांनी आत नेता येते. सर्वांत सोयीची वेळ म्हणजे रात्र. एक हातबत्ती आणि तिवई एवढ्यावर, परवानगी असेल तेथे, चारही दिशांचा प्रकाश मनासारखा मिळतो.

अक्षरांत खडू, पीठ किंवा कोळशाची पूड भरून चित्र घेण्याची प्रथा अद्याप पूर्णतः गेलेली नाही. ती दगडाला अपायकारक आहेच. शिवाय खडू भरणारा मनुष्य आपल्याला जे अक्षर दिसते तेच भरतो आणि मग छायाचित्रात लेख दिसण्याऐवजी त्या मनुष्याचे वाचन दिसते. पुढच्या अभ्यासकाला ते वाचन तपासण्याची सोयच उरत नाही. शाईचा कागदी ठसा हे वेगळे आणि जुने मान्य साधन आहे. तो मूळ आकाराचा असतो, हा त्याचा छायाचित्रापेक्षा मोठा गुण आहे. परंतु तो घेण्यासाठी अनुज्ञा व सराव दोन्ही लागतात आणि छायाचित्राने ठशाची गरज संपते असे समजू नये.

मंदिरांच्या बाबतीत प्रकाश आणणे शक्य नसते. सूर्याचे वेळापत्रकच जाणून घ्यावे लागते. खानदेश सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे आणि या एका आकड्यातून पुष्कळ व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जळगाव-धुळ्याकडे सूर्य मध्यान्ही येतो तो घड्याळातील बारा वाजता नव्हे, तर सामान्यतः साडेबाराच्या सुमारास. नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ सव्वाबारापर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजेपर्यंत पुढे जाते. दुसरा निष्कर्ष उत्तर भिंतीचा. पूर्वाभिमुख मंदिराच्या उत्तर भिंतीवर हिवाळ्यात थेट ऊन पडतच नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत क्षेत्रभेटीस गेलेल्या विद्यार्थ्यांच्या संग्रहात त्या बाजूच्या मूर्ती नेहमी सपाट आणि निळसर उतरतात. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. या काळात सकाळी व सायंकाळी उत्तर भिंतीवर तिरपे ऊन घासत जाते. एप्रिलच्या मध्यास ते सूर्योदयापासून साधारण सव्वाआठपर्यंत टिकते आणि त्याचा भिंतीशी कोन दहा-अकरा अंशांच्या पुढे फारसा जात नाही. झिजलेल्या शिल्पासाठी याहून चांगला प्रकाश मागूनही मिळणार नाही.

दक्षिण भिंतीची गोष्ट याहून वेगळी आहे. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. दक्षिण बाजूच्या मूर्तींचे सर्वसाधारण चित्र घेण्यास हा प्रकाश योग्य होय. एप्रिलच्या अखेरीस तोच सूर्य ८० अंशांच्याही वर चढतो आणि ऊन भिंतीवरून जवळजवळ उभे खाली उतरते. छायाचित्रणाच्या पुस्तकांत उन्हाळ्यातील दुपार वर्ज्य सांगितलेली असते. माणसांच्या चेहऱ्यासाठी ते खरेही आहे. परंतु भिंतीच्या थरांवरील आडव्या गलथ्या, पट्ट्या आणि कोरीव रेषा दाखविण्यासाठी हीच वेळ उपयोगी पडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचे ऊन दक्षिण भिंत सोडून उत्तरेकडे सरकते. पूर्व व पश्चिम भिंतींसाठी अनुक्रमे मध्यान्हापूर्वीचा आणि नंतरचा एक तास राखून ठेवावा. धुळे जिल्ह्यातील बळसाणे किंवा तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव अशा ठिकाणी एका दिवसात सर्व काम उरकण्याचा संकल्प म्हणूनच व्यर्थ ठरतो. एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि ऋतू बदलल्यावर पुन्हा एकदा जाणे हाच तेथील खरा कार्यक्रम आहे.

खानदेशचा दगड काळा आहे आणि काळा दगड कॅमेऱ्याला फसवितो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असे धरून चालतो. काळ्या बेसाल्टची भिंत समोर आली की तो अधिक प्रकाश घेतो आणि भिंत राखेसारखी फिकट उमटते. चुन्याने रंगविलेले घर समोर आले की तो प्रकाश कमी घेतो आणि घर मळकट होते. पहिल्या प्रसंगी मापकाच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश द्यावा. दुसऱ्या प्रसंगी एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट द्यावा. काळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या फुटलेल्या कपाशीच्या शेतात हे दोन्ही मोह एकाच चौकटीत येतात. तेथे कापसाकडे लक्ष देऊन प्रकाश ठरवावा, कारण डिजिटल चित्रात जळून गेलेला पांढरा भाग नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. सावलीतील काळा भाग बऱ्याच अंशी उजळून घेता येतो. रावेर-यावलकडील केळीच्या बागांत अडचण वेगळीच असते. पानांतून गाळून येणारा प्रकाश हिरवा असतो आणि माणसांचे चेहरे रोगट दिसतात. पहिल्या चित्रात करडा पुठ्ठा धरून ठेवला, तर पुढील सर्व चित्रांचा रंग त्याच्या आधारे दुरुस्त करता येतो.

अंतर आणि सरळपणा यांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर नसली की स्तंभ आत झुकलेले दिसतात आणि त्या चित्रावरून घेतलेले माप निरुपयोगी ठरते. कॅमेरा वर करण्यापेक्षा स्वतः उंचावर उभे राहावे किंवा मागे सरावे. दोन मीटर रुंदीचा शिलापट्ट ५० मिलिमीटरच्या भिंगातून पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर घ्यावयाचा तर सुमारे पावणेतीन मीटर मागे जावे लागते. मोबाइलच्या नेहमीच्या रुंद भिंगाने तो दीड मीटरवरून मावतो, परंतु कडांकडील अक्षरे ताणली जातात. जागा असेल तेथे मागे सरणे नेहमी श्रेयस्कर. मोजपट्टी वस्तूच्या पुढे जमिनीवर न ठेवता वस्तूच्याच पातळीत धरावी आणि प्रत्येक वस्तूची दोन चित्रे घ्यावीत, एक मोजपट्टीसह व एक तिच्याविना. नाणे, पेन किंवा विद्यार्थिमित्र यांना मोजपट्टीचे काम देऊ नये.

जुन्या छायाचित्रांशी तुलना हा या प्रदेशात अद्याप पुरेसा न जोपासलेला अभ्यासप्रकार आहे. हेन्री कझिन्स यांच्या दक्षिणेतील मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खानदेशातील मंदिरांचीही छायाचित्रे आहेत. ज्या जागेवरून जुने चित्र घेतले त्याच जागेवरून नवे घेतले, तर ढासळलेला थर, हरवलेली मूर्ती किंवा नंतरची डागडुजी यांचा निवाडा तत्काळ होतो. ती जागा शोधण्याची रीत सोपी आहे. जुन्या चित्रात जवळचा एक आणि दूरचा एक असे दोन बिंदू निवडावेत, उदाहरणार्थ स्तंभाची कड व मागील शिखराचे टोक. ते जुन्या चित्रातल्याप्रमाणेच परस्परांना स्पर्श करतील तोपर्यंत डावीउजवीकडे सरावे. अशीच दुसरी जोडी घेऊन पुढे-मागे सरावे. दोन्ही जुळल्यावर जुना छायाचित्रकार जेथे उभा होता ती जागा हाती येते.

साधनाच्या मर्यादा ओळखणे किती आवश्यक आहे, हे अजिंठ्याच्या इतिहासावरून कळते. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी अभ्यासकाची वाट पुष्कळदा जळगावहूनच जाते. १८४४ पासून सुमारे वीस वर्षे मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल यांनी छायाचित्रेही घेतली होती आणि फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ती १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. छापील प्रती अनेक असल्यामुळे ती टिकली. परंतु त्या काळच्या ओल्या काचेवरील प्रक्रियेला निळा प्रकाश तेवढा उमगत असे आणि तांबडा व गेरूचा रंग तिच्यात काळा उतरत असे. त्यामुळे जी भित्तिचित्रे वाचवावयाची होती, त्यांच्यासाठीच हे साधन अपुरे होते. दर्शनी भाग, स्तंभ व शिल्पे यांच्यासाठी ते उत्तम होते. गिल १८७९ साली वारले आणि त्यांची कबर भुसावळ येथे आहे. पुढे याझदानी यांच्या १९३० ते १९५५ या काळात निघालेल्या खंडांत वासी यांची छायाचित्रे रंगासह आली, तेव्हा रंगाला न्याय देणारी साधने हाती आली होती.

आजच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, आपले साधन कोठे खोटे बोलते हे आधी माहीत करून घ्यावे. मोबाइलच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वीपेक्षा बिकट झाला आहे. मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून, कडा धारदार करून आणि खरबरीतपणा पुसून एक गुळगुळीत चित्र हाती देतो. काही यंत्रणा तर अस्पष्ट भाग अंदाजाने भरूनही काढतात. निसर्गदृश्यासाठी यात बिघडत नाही. झिजलेल्या अक्षराच्या बाबतीत मात्र यंत्राने अंदाजाने ओढलेली कड आणि लिपिकाराने ओढलेली रेघ यांतील फरक नंतर कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून असे सर्व सुशोभन बंद करावे, ‘रॉ’ स्वरूपातील मूळ फाइल राखावी आणि शंकास्थळी दुसऱ्या प्रकाशात घेतलेल्या चित्राचा ताळा घ्यावा. लेण्यांत जाण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचे चालू नियम पाहून घ्यावेत. रंगचित्रांवर फ्लॅश टाकण्याचा विचारही मनात आणू नये. तिवईसाठी स्वतंत्र परवानगी लागते, ती आधीच मागावी.

दप्तरांचे छायाचित्रण ही धुळ्याच्या अभ्यासकाची विशेष गरज आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास निवर्तले आणि १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिरही याच शहरात आहे. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत प्रसिद्ध केली, त्या काळी कागद हाताने नकलून घ्यावा लागे. नकलेत नकलकाराचे वाचन उतरते, छायाचित्रात कागद उतरतो. तो नीट उतरावा यासाठी दोन जुन्या युक्त्या आजही सर्वोत्तम आहेत. कागदाच्या दोन्ही बाजूंना समान शक्तीचे दोन दिवे ४५ अंशांच्या कोनात ठेवावेत आणि मध्यभागी एक पेन्सिल उभी धरावी. तिच्या दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसल्या, तर प्रकाश समान आहे. त्यानंतर कागदाच्या जागी लहान आरसा सपाट ठेवून कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसले, तर कॅमेरा कागदाला समांतर आहे. या दोन परीक्षांना पाच मिनिटे लागतात आणि पुढची पाचशे चित्रे निर्दोष होतात.

कागद कितीही वळलेला असला तरी त्यावर काच दाबू नये. कडा हलक्या पट्ट्यांनी धराव्यात. मोडी पत्राची पाठ कोरी वाटली तरी तिचे चित्र घ्यावेच, कारण पोच, तारीख व शिक्का पुष्कळदा पाठीवरच असतो. जोड देऊन लांबविलेला कागद तुकड्यातुकड्यांनी घेताना प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा चतुर्थांश तरी पुन्हा यावा. शिक्क्याचे दडपण किंवा बोरूने ओरखडलेला पण शाई उडालेला भाग पाहावयाचा असेल, तर एक दिवा मालवून दुसरा कागदाच्या पातळीपर्यंत खाली आणावा. येथे पाटणच्या दगडाचाच नियम कागदाला लागू होतो. कागदातील जलचिन्ह मात्र मागून प्रकाश टाकल्याशिवाय दिसत नाही.

माणसांच्या छायाचित्रांविषयी नियम थोडे आहेत, पण ते मोडण्याची प्रवृत्ती फार. सातपुड्याच्या पाड्यावर किंवा तापीकाठच्या यात्रेत कॅमेरा प्रथम पिशवीत ठेवावा, बोलणे आधी व्हावे. संमती तोंडी असली तरी ती कोणी, केव्हा दिली हे टिपून ठेवावे. एखाद्या विधीचे चित्र घेऊ देण्यास गावाने नकार दिला, तर तो नकार हीच संशोधनातील नोंद समजावी. छापील प्रत देण्याचे वचन दिले असेल तर ती पोचती करावी. पुढच्या वर्षी त्याच गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत कसे होईल, हे बऱ्याच अंशी त्या प्रतीवर अवलंबून असते.

साधनाच्या जपणुकीचा विचार या हवामानात दुर्लक्षून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कॅमेरा ठेवणे म्हणजे त्याचा नाश ओढवून घेणे होय. धूळ आधी फुंकणीने उडवावी, मगच भिंग पुसावे. सदऱ्याच्या टोकाने पुसलेल्या भिंगावर बारीक ओरखडे कायमचे राहतात. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि अधूनमधून वापरीत राहावे.

शेवटचा भाग टिपणवहीचा, आणि बहुतेक प्रकल्प याच ठिकाणी ढासळतात. कॅमेरा तारीख व वेळ आपोआप नोंदवितो, पण भिंत कोणती, प्रकाश कोणत्या बाजूचा, आरसा वापरला की हातबत्ती, परवानगी कोणाची, हे तो नोंदवीत नाही. प्रत्येक स्थळी पहिले चित्र टिपणवहीच्या पानाचे घ्यावे. त्यावर गाव, तालुका, वास्तूचे नाव व दिशा मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. मग मागाहून आलेली सर्व चित्रे त्या पानाखाली आपोआप लागतात. घरी परतल्यावर त्याच रात्री फाइलींना वर्ष, महिना, दिवस, गाव आणि अनुक्रमांक या क्रमाने नावे द्यावीत. चित्रांच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. उजळलेली किंवा कापून घेतलेली आवृत्ती स्वतंत्र नावाने ठेवावी आणि काय बदल केला हे चित्राखालील ओळीत लिहावे. प्रबंधात छापताना त्या ओळीत गावाच्या नावापाठोपाठ प्रकाशाची दिशाही द्यावी, जसे : ‘पाटण, शिलालेख, ओळी अमुक ते अमुक, प्रकाश डावीकडून’. वाचणाऱ्याला कोणती रेघ दिसते आणि कोणती दिसणे शक्यच नव्हते, हे त्या दोन शब्दांवरून ठरविता येते.